रोज डोंबिवली-सीएसएमटी लोकल, घरी दोन लहान मुलं. व्यायामासाठी पहाटे साडेचारला उठावं का?

नाही, रात्री अकरा-साडेअकराला झोपत असाल तर व्यायामासाठी साडेचारला अजिबात उठू नका. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागते. ती पाचावर आली की भूक वाढते, गोड-तळलेलं खावंसं वाटतं आणि वजन उतरवण्याचा बेत तिथेच फसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना मुळात रोज तासभर जिम मागतच नाहीत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम (बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं झपझप चालणं) आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, एवढंच. एका वेळी सलग १० मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अटही तेव्हा काढून टाकली. त्यामुळे सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सीऐवजी पायी गेलात आणि जाऊन-येऊन २५ मिनिटं झाली, तरी पाच दिवसांत १२५ होतात. उरलेलं रविवारी, मुलांना घेऊन मैदानावर. त्यांच्या वाट्याचा वेळ कापला जात नाही, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर घरीच, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. मधुमेह असेल तर मात्र सगळं रविवारवर ढकलू नका. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, आणि इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.