जात्याची घरघर पुसू नका

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी चित्रित करून ठेवते आहे. चित्र एका मोबाइलवर आणि आवाज दुसऱ्यावर, तो त्यांच्याजवळ ठेवून. पंख्याचा आवाज ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, तर सासूबाई पाण्याखालून गातायत असं वाटायला लागलं. ट्यूबलाइटमुळे चित्रावर काळपट पट्टे सरकतात. शिवाय ओवी पुढे जाते तसतसा आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटत जातो. काय करू?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, आधी पंखा. नॉइज प्रोफाइलसाठी, म्हणजे नको असलेल्या आवाजाचा नमुना म्हणून, कुठला तुकडा निवडलात ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी पैज आहे की त्यात जातं फिरत होतं. हे सॉफ्टवेअर त्या तुकड्यात खालच्या-वरच्या प्रत्येक पट्टीत किती आवाज आहे ते मोजतं आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये त्या पातळीच्या आसपासचं जे सापडेल ते दाबतं. जात्याची घरघर जवळपास सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. ती नमुन्यात शिरली की सासूबाईंचे स, श आणि ओळीच्या शेवटी विरत जाणारा सूरही तिच्याबरोबर कापला जातो.

म्हणून मूळ फाइल पुन्हा उघडा. जातं सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद निवडा, ज्यात फक्त पंखा आहे, कोणी बोलत नाही, बांगडी वाजत नाही. तेवढ्याचाच प्रोफाइल घ्या. कपात ६ डेसिबल ठेवा, फार तर १०. त्याआधी ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे आवाज गाळणारा) लावलात तर खालची घुरघूर वेगळी निघून जाते. बायकांचा आवाज त्याच्या बराच वर असतो. थोडा पंखा उरेल. उरू द्या. जात्याला तर हातच लावू नका, कारण ओवीचा ठेका त्याच्याच फेऱ्यावर आहे. जातं पुसून उरलेली ओवी मला तरी ऐकवणार नाही. लग्नाच्या कॅसेटी करणारे आम्ही लोक सनई मागे टाकून भटजींचा आवाज पुढे आणायचो, ते ठीक होतं. इथे तसं नाही.

आता पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. फोनचं शटर त्याच्याशी जुळत नसेल, तर चित्राच्या काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. तो मोड नसेल तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ आहे का बघा. खिडकीचा उजेड सगळ्यात सोपा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांच्या पिढीने सिनेमा उन्हावरच उभा केला. पण ओवी पहाटेची, आणि पंचवटीत रिक्षा-भोंग्यांआधीची शांतता पहाटेच मिळणार. दोन्हीत मी शांतता निवडेन. ट्यूब लावा, पंखा बंद करा, शटर १/५०.

चित्रित झालंय त्याचं काय? फोन सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, घेणारा असेल तर १०० आणि ३० च्या हिशेबाने पट्टे दर तिसऱ्या फ्रेमला त्याच जागी येतात. एडिटरमध्ये तीच क्लिप तीन थरांत ठेवा, प्रत्येक थर एक फ्रेम पुढे सरकवून. अपारदर्शकता खालून वर १००, ५० आणि ३३ टक्के. तिन्हींची सरासरी होऊन पट्टे बरेचसे विरघळतात. मात्र फिरत्या हातामागे भुतासारखी सावली येईल. म्हणून हा उपाय चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यांना वापरा; जातं दिसणाऱ्या दृश्यात पट्टे परवडले.

सुटणाऱ्या मेळाचं मुख्य कारण बहुधा हे, की फोन चित्राचा वेग एकसारखा ठेवत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी घेतो. काही एडिटर त्यावर गोंधळतात. मूळ व्हिडिओ आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेमरेटवर काढा (हे फुकट मिळतं) आणि वरचे तीन थर त्यानंतरच रचा. तरी थोडा फरक राहील, कारण दोन फोनांची घड्याळं तंतोतंत एक नसतात. यापुढे प्रत्येक ओवीच्या आधी एक टाळी आणि शेवटी एक टाळी वाजवा. पहिली जुळवा, शेवटची किती सरकली ते बघा आणि ऑडॅसिटीतल्या चेंज टेम्पोने आवाज तेवढाच ताणा किंवा आवळा. त्याने सूर बदलत नाही. सासूबाईंना टाळीचं कारण सांगून ठेवा, नाहीतर त्या मध्येच थांबतील.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. खाली सतत एक फाटकी पट्टी दिसते आणि कोणी हललं की कडांना कंगव्यासारखे दाते येतात. कॅसेट खराब झाली का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. खालची पट्टी व्हीसीआरमध्ये टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना उमटते. ती तेव्हाही होती. जुन्या टीव्हीची चौकट कडा झाकायची म्हणून दिसली नाही. तेवढा भाग काळ्या पट्टीने झाका. दाते येतात कारण आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकाआड एक ओळींची. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधला डीइंटरलेस फिल्टर (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणारा) लावा. उतरवलेली मूळ फाइल मात्र तशीच जपून ठेवा आणि प्रयोग तिच्या प्रतीवर करा.