पॉरपॉइजची भरपाई: रीफवर पैसे घालण्याआधी

तुमचा प्रश्न असा, की उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे पाइल, म्हणजे समुद्रतळात रोवायचे खांब, ठोकताना होणाऱ्या आवाजाने हार्बर पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा सागरी सस्तन प्राणी) लांब पळणार, त्याबदल्यात कृत्रिम रीफ (माशांना आसरा म्हणून समुद्रतळाशी मुद्दाम केलेली रचना) बांधली तर भरपाई होईल का? आम्ही याच फेऱ्यात बराच काळ अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्ट स्टार्ट (हलक्या ठोक्यांनी सुरुवात), बबल कर्टन (पाइलभोवती बुडबुड्यांचा पडदा) या आवाजावरच्या उपायांत शिरत नाही. जर्मनीत पाइलपासून ७५० मीटरवर आवाजाला १६० डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्याकडे ती लागू नसली तरी आधी तेवढा आवाज उतरवा. जे टाळता येतं त्याची भरपाई कसली?

रीफला माझा विरोध आहे. मासे जमतीलही, पण पॉरपॉइजची संख्या त्याने वाढली हे दाखवणार कसं? मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि गिल नेटमध्ये (पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या मासेमारीच्या जाळ्यात) अडकलेलं जनावर श्वासासाठी वर येऊ न शकल्याने बुडून मरतं. भरपाई करायची तर ती मरणं थांबवा.

घोडं पेंड खातं ते इथेच. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार ठरावीक भागांत, ठरावीक जाळ्यांना, १२ मीटर आणि त्याहून लांब बोटींवर पिंगर, म्हणजे आवाज करून पॉरपॉइजना जाळ्यापासून दूर ठेवणारी छोटी यंत्रं, सक्तीचे झाले. जे कायद्यानेच लावायचं ते आपण मच्छीमारांना वाटून दिलं तर ती भरपाई नव्हे. म्हणून आम्ही परवानगी देणाऱ्या कार्यालयाला एकच प्रश्न विचारला: कोणत्या बोटी धरायच्या? तोंडी होकार मिळाला, लेखी काही केल्या मिळेना. पिंगर खरेदी झाल्यावर सांगितलं, मोठ्या बोटी मोजणार नाही. आधीचे अधिकारी बदलले होते, फाइलवर एक ओळ नव्हती. पैसे गेलेच, पण एक अख्खा हंगाम लहान बोटींची जाळी तशीच पाण्यात राहिली. त्याचा राग अजून जात नाही.

तेव्हा लेखी घ्या. फोन झाला की त्याच दिवशी ईमेल टाका.

आणि पिंगर बांधले की काम संपत नाही. काहींचा आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही, त्यामुळे बॅटरी संपलेली नळी जाळ्याच्या दोरीला नुसतीच लटकत राहते. तपासायचं यंत्र आणि तपासणाऱ्याचा पगार बजेटमध्ये धरा. शिवाय पिंगरही पॉरपॉइजना हुसकावतातच, त्यामुळे त्यांच्या चांगल्या चराऊ भागात सरसकट लावू नका. तिथे मच्छीमारांना जाळं बदलायला पैसे देणं मला जास्त पटतं.

मी वकील नाही. २००४ चा नियम २०१९ मध्ये बदलला, तेव्हा सध्याच्या तरतुदी जाणकाराकडून तपासून घ्या. पॉरपॉइजच्या आवाजाचे क्लिक नोंदवणारी यंत्रं मात्र पाइल ठोकण्याच्या बऱ्याच आधी पाण्यात सोडा. त्या खर्चाला कोणी भरपाई म्हणालं तर ऐकू नका, मोजल्याने एकही पॉरपॉइज वाचत नाही.