स्क्रब टायफसमध्ये रुग्ण किती गंभीर आहे, हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या प्लेटलेट्स 60 हजारांवर आल्या असताना डॉक्टर सारखे श्वास आणि लघवीबद्दलच का विचारतात. मी मेडिसिनच्या वॉर्डात काम करते. ते विचारतायत तेच बरोबर आहे.

स्क्रब टायफस हा बारीक माइट किड्यांच्या चाव्यातून होणारा तापाचा आजार. त्याचा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो. त्या सुजून पाझरू लागल्या की फुप्फुसं, मूत्रपिंडं, यकृत, मेंदू, हृदय यांतल्या कशालाही झळ बसू शकते. त्यामुळे किती अवयव बिघडलेत आणि कितपत, यावर गंभीरता ठरते.

खाटेपाशीच तीन गोष्टी कळतात: श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त, वरचं बीपी 100 किंवा कमी, आणि बरळणं किंवा गुंगी. यांतल्या दोन दिसल्या तर धोका मोठा. एकही नसली तरी निर्धास्त राहता येत नाही, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), बिलिरुबिन (यकृतासाठी), रक्तातला ऑक्सिजन पाहून सोफा स्कोअर, म्हणजे अवयवांच्या बिघाडाचे गुण, काढतात. त्यात फुप्फुसं, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंडं, यकृत आणि प्लेटलेट्स अशा सहा बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात; गुण जितके जास्त, तितका बिघाड जास्त. म्हणजे प्लेटलेट्स सहांपैकी एक! रक्तस्राव नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर 60 हजारांना मी घाबरत नाही. औषध लागू पडलं की त्या चढतात. प्लेटलेट्स दीड लाख आणि ऑक्सिजन 90 च्या खाली, असा रुग्ण मात्र मी लगेच आयसीयूत हलवीन.

एका दिवसाच्या स्कोअरवर मी फार विसंबत नाही. काल 4 होता तो आज 7 झाला, तर ती वाढ बोलकी असते. लघवीचं माप तुम्हीही लिहून ठेवा. 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली हवी; त्याहून कमी होत असेल तर नर्सना लगेच सांगा.

आणि ताप नक्की कधी सुरू झाला ते आठवून सांगा. उपचाराविना दुसरा आठवडा लागला की गुंतागुंत वाढते, म्हणून संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात. अवयव बिघडलेल्या रुग्णांवर भारतात झालेल्या एका मोठ्या चाचणीत (2023) शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन (दुसरं अँटिबायोटिक) दोन्ही दिल्यावर, एकच दिल्यापेक्षा, सातव्या दिवशी गुंतागुंत कमी उरली होती. वडिलांना दोन्ही चालू आहेत का, हे जरूर विचारा. ताप बहुधा 48 तासांत उतरतो. नाही उतरला, तर सोबत दुसरा संसर्ग आहे का हे शोधावं लागतं.