लेकीला साउंड डिझाइनर व्हायचंय, पाठवू का?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बारावी सायन्सला आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा टीव्हीवर पाहिल्यापासून 'मला सिनेमात साउंडचं काम करायचंय' असा हट्ट धरून बसली आहे. तिचे बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर. यात पोट भरतं का? — एक आई

उत्तर :
ताई, २३ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते ७१वे राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले, तेव्हा चर्चा झाली ती शाहरुख खान, विक्रांत मॅसी आणि राणी मुखर्जी यांची. तुमच्या लेकीचं लक्ष मात्र साउंडकडे गेलं, याचंच मला फार कौतुक वाटलं. त्याच यादीत 'अ‍ॅनिमल'च्या साउंड डिझाइनसाठी, म्हणजे सिनेमात ऐकू येणारे आवाज तयार करून नेमके बसवण्याच्या कामासाठी, सचिन सुधाकरन आणि हरिहरन मुरलीधरन आहेत, 'सॅम बहादुर'च्या मेकअपसाठी श्रीकांत देसाई आहेत, त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी सचिन लोवलेकर आणि त्यांच्या दोन सहकारी आहेत. पडद्यामागची ही माणसं वर्षानुवर्षं याच कामावर संसार चालवतात.

पण पुरस्काराकडे पाहून करिअर ठरवू नये. हा सोहळा २०२३ च्या चित्रपटांसाठी होता, म्हणजे कौतुक यायलाच दोन वर्षं लागली. या कामांसाठी मिळणाऱ्या रजत कमळ या पदकासोबतची रक्कम दोन लाख रुपये. पोट भरतं ते रोजच्या कामावर: मालिका, वेब सीरिज, जाहिराती, डबिंग, गेम्स. सुरुवात सहायक म्हणून होते. पैसे बहुतेकदा प्रोजेक्टप्रमाणे मिळतात, मध्ये काही महिने रिकामेही जातात आणि मुंबईचं घरभाडं काही थांबत नाही. पहिली काही वर्षं घरून थोडा आधार देता येईल का, हे तिच्या बाबांशी आत्ताच मोकळेपणाने बोला.

आता शिक्षणाचं. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत साउंडचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, आणि जागा मोजक्या. एफटीआयआय साउंडसाठी बारावीला फिजिक्स मागत आली आहे; अर्जाच्या वर्षीचं माहितीपत्रक पाहून खात्री करा. थोडक्यात, तिचं सायन्स वाया जात नाही, उलट इथेच उपयोगी पडतं. साउंडच्या कामासाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी एफटीआयआयचेच विद्यार्थी. माझं मत स्पष्ट आहे: फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी करू द्या. इंजिनिअरिंगची आवड तिला स्वतःला असेल तरच तो रस्ता.

तोवर तिची ओढ किती खरी आहे, ते घरीच कळेल. मोबाइलवर स्वयंपाकघरातले आवाज रेकॉर्ड करायला सांगा: पोळपाटावरचं लाटणं, फोडणीची चुरचुर, कुकरची शिट्टी, मागे चाललेला पंखा. मग हेडफोन लावून तेच ऐकायचं. कानाला कधी न जाणवलेला पंखा रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यावर चढलेला असतो. तो कमी कसा करायचा, हे तिने शोधायचं. मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये हे तुकडे जोडून, एकही संवाद न वापरता मिनिटभराची गोष्ट करायची. बोर्डाच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत कुणी न सांगता ती यात तासन्‌तास बसली, तर बाबांना ते ऐकवा. दोन दिवसांत कंटाळली, तरी काही बिघडलं नाही; बीएस्सी हाताशी आहेच.

एक मात्र सांभाळा. बारावीनंतर लगेच 'साउंड डिप्लोमा' देणाऱ्या खासगी संस्थांच्या जाहिराती तुम्हाला दिसतील. फी भरण्याआधी तिथे जाऊन स्टुडिओ बघा, मुलांना मशीनवर आठवड्याला किती तास बसायला मिळतं ते विचारा आणि मागच्या बॅचच्या दोघा-तिघांशी स्वतः फोनवर बोला.