कुपीतले विष पेशीत शिरेना

शंका-समाधान : प्रयोगशाळा आणि पाणी

प्रश्न : मायक्रोसिस्टिन-एलआर हे नीलहरित शैवालाचे विष पीपी१ आणि पीपी२ए या फॉस्फटेजना (प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमना) अगदी नॅनोमोलर प्रमाणातही रोखते, असे वाचले. म्हणून हेला या मानवी कर्करोगाच्या पेशींच्या माध्यमात १ मायक्रोमोलर घालून रात्रभर ठेवले. पेशी जशाच्या तशा! माल खराब निघाला असेल का?
– एम.एस्सी. जैवरसायन, पुणे

उत्तर : माल बहुधा चांगला आहे, पेशींची निवड चुकली. मायक्रोसिस्टिन हे सात अमिनो आम्लांचे वलय. रेणुभार सुमारे ९९५, पाण्याची ओढ बऱ्यापैकी. ते पेशीपटलातून आपोआप झिरपत नाही. आत जायला त्याला ओएटीपी१बी१ आणि ओएटीपी१बी३ हे वाहक लागतात, आणि ते मुख्यतः यकृतपेशींवर असतात. हे विष यकृतावरच का घसरते, याचेही उत्तर हेच. हेलामध्ये दारच नाही, मग मात्रा दसपट करूनही उपयोग नाही. कुपी मात्र संपेल.

‘यकृताच्या पेशी हव्यात ना, मग हेपजी२ घेऊ’ असे पुष्कळ जण म्हणतात आणि पुन्हा फसतात. हेपजी२ यकृताच्या गाठीतून आलेल्या असल्या तरी त्यांच्यात हे वाहक फारच कमी असतात. ताज्या वेगळ्या केलेल्या यकृतपेशी घ्या आणि त्याच दिवशी वापरा, कारण ताटलीत दिवस जातील तशी त्यांची शोषणक्षमता घटते. नाहीतर ओएटीपी१बी१ किंवा १बी३ चे जनुक घातलेल्या एचईके२९३ या मानवी पेशी वापरा आणि शेजारी साध्या एचईके२९३ ठेवा. रिफॅम्पिसिनने वाहक अडवल्यावर परिणाम उतरला, तर विष त्याच वाटेने आत गेले असे म्हणता येईल.

तुम्हाला केवळ हेलामधली फॉस्फटेज बंद करायची असतील, तर मायक्रोसिस्टिनचा हट्ट सोडा. कॅलिक्युलिन-ए किंवा ओकाडाइक आम्ल हे फॉस्फटेज रोखणारे दुसरे पदार्थ पेशीत शिरतात. कॅलिक्युलिनने पेशी लवकरच गोल होऊन तळ सोडतात, म्हणून माध्यम उपसून टाकण्याआधी तरंगणाऱ्या पेशीही गोळा करा.

प्रश्न : मग पेशी फोडायच्या बफरमध्ये ते का घालतात?
– संशोधन साहाय्यक, मुंबई

उत्तर : पेशी फुटली की दाराचा प्रश्नच उरत नाही. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रतिपिंडांनी प्रथिने ओळखण्याच्या चाचणीसाठी) १ मायक्रोमोलर पुरते, पण ते फोडण्याच्या आधी बफरमध्ये हवे. नंतर घातले तर मधल्या वेळात प्रथिनांवरचे फॉस्फेट उतरून गेलेले असतात. एकट्या मायक्रोसिस्टिनवर विसंबू नका. टायरोसिन फॉस्फटेजना ते लागू पडत नाही, त्यासाठी १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घाला. पीपी२सी हे फॉस्फटेजही मायक्रोसिस्टिनला दाद देत नाही. त्या विकराला धातूचे आयन लागतात, म्हणून ते आयन पकडून ठेवणारे ईडीटीए. पीपी२बी, म्हणजे कॅल्सिन्युरिन, फारच जास्त मात्रेत रोखले जाते.

आणखी एक फरक. मायक्रोसिस्टिन आधी झटकन चिकटते, मग काही तासांत पीपी१च्या २७३ क्रमांकाच्या सिस्टीनशी पक्का सहसंयुज बंध जोडते. मग धुऊन परिणाम परत फिरत नाही. ‘धुतल्यावर क्रिया परत येते का’ हे पाहायचे असेल, तर असा बंध न जोडणारे नोड्युलॅरिन हे तशाच प्रकारचे विष घ्या.

प्रश्न : १०० मायक्रोग्रॅमची कुपी मागवली, ती रिकामी दिसते. तक्रार करावी का?

उत्तर : थांबा. एवढासा पदार्थ काचेवर पारदर्शक पापुद्रा होऊन बसतो, दिसत नाही. कुपी क्षणभर सेंट्रिफ्यूज करा, १०० मायक्रोलिटर मिथेनॉल घालून झाकणासकट आतला सगळा भाग ओला करा. हे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे जवळपास १ मिलिमोलर द्रावण झाले. खात्रीसाठी थोडे पातळ करून २३८ नॅनोमीटरवर शोषण मोजा. मिथेनॉलमध्ये मोलर शोषणांक ३९,८०० धरतात. छोट्या काचेच्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. पाण्यातले पातळ द्रावण प्लॅस्टिकला चिकटते आणि पिपेटच्या टोकातच मात्रा घटते, म्हणून पातळ द्रावणे ऐनवेळी करा.

डीएमएसओ हा द्रावक शक्यतो टाळा. त्याच्यासोबत विष कातडीतून आत जाऊ शकते. कोरडी पूड उघड्यावर तोलू नका. ऑटोक्लेव्हने हे विष मरत नाही. टाकाऊ द्रव २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट आणि ०.२५ नॉर्मल कॉस्टिक सोड्यात निदान अर्धा तास ठेवा. मायक्रोसिस्टिन निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहे, तेव्हा विक्रेत्याने वापराचा दाखला मागितला तर वैतागू नका.

प्रश्न : तळ्याच्या पाण्याची पीएनपीपी चाचणी (फॉस्फटेजने तोडल्यावर पिवळा रंग देणारा पदार्थ वापरून, विष त्या विकराला किती रोखते ते पाहणारी) केली. एका नमुन्यात विकराची क्रिया कमी होण्याऐवजी वाढलीच!

उत्तर : शैवालाचे आणि जिवाणूंचे स्वतःचे फॉस्फटेज पाण्यात असते, तेही पीएनपीपी तोडून पिवळा रंग देते. विकर न घातलेला ‘फक्त नमुना’ खळगा (वेल) चाचणीच्या ताटलीत ठेवा आणि ४०५ नॅनोमीटरचे त्याचे वाचन वजा करा. उलट्या दिशेची चूकही होते : फॉस्फेट बफर वापरला तर विष नसतानाही क्रिया दबते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन विष नासवतो, त्यामुळे नमुना घेतानाच सोडियम थायोसल्फेट घाला. विष बहुतांशी पेशींच्या आत असते. एकूण प्रमाण हवे तर नमुना तीनदा गोठवून वितळवा. ही चाचणी मायक्रोसिस्टिन आणि नोड्युलॅरिन वेगळे ओळखत नाही, त्यासाठी एलसी-एमएसच (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारे तंत्र) हवे.

प्रश्न : गावतळ्यावर हिरवी साय आली आहे. मोरचूद टाकून, पाणी उकळून प्यावे का?

उत्तर : दोन्ही नको. उकळल्याने मायक्रोसिस्टिन जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. मोरचूदाने पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये धरणात मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले. तिथले विष सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन होते, तेही यकृत बिघडवणारेच. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन थेट रक्तात गेले आणि ५२ मृत्यू त्याच्या खात्यावर नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आयुष्यभराच्या वापराला लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, अल्पकाळासाठी १२ आहे.

साय असेपर्यंत विहीर किंवा टँकर वापरा. वारा साय ज्या काठाला ढकलतो, तिथे ती सर्वांत दाट असते. गुरांना त्या काठावर सोडू नका.