कायदा आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासातून वेगवेगळ्या संस्कृतींमध्ये खरंच संवाद होतो का?

होतो, पण दोन्हीकडच्या लोकांसमोर प्रश्न एकच असेल तर. उदाहरणार्थ, सामाईक पाणी किंवा कुरण कोणी किती वापरायचं. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात स्वित्झर्लंड, जपान, स्पेन, फिलिपिन्समधल्या गावांचे असे नियम शेजारी शेजारी ठेवून तपासले (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं). स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम बघा: हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. किती साधं मोजमाप! स्पेनमधल्या वालेन्सियात पाण्याचे तंटे आजही गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी तोंडीच निकाली निघतात. धुळ्याकडच्या फड पद्धतीत (शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या व्यवस्थेत) पाटकरी पाळीनं पाणी देतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला यातलं काही परकं वाटणार नाही. बोलणं सुरू होतं ते इथूनच. मात्र एका गावाचा नियम उचलून दुसरीकडे लावता येत नाही, हे ऑस्ट्रॉम स्वतःच बजावत. ‘मालकी’, ‘हक्क’, ‘दंड’ या शब्दांना तिथले लोक काय अर्थ देतात, हे आधी त्यांनाच विचारावं लागतं.