डॅलसला येणाऱ्या ताईंना

तुम्ही विचारलंत, बायकोवर हात उचलणाऱ्यालाही टेक्सासमध्ये बंदूक मिळते का. व्हिसा, भाडं, गाडी हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, ते सोडते.

कागदावर कायदा कडक आहे. बायकोला मारल्याचा किरकोळ गुन्हा जरी सिद्ध झाला, तरी केंद्राच्या बंदूक कायद्यातल्या 1996 च्या लाउटेनबर्ग दुरुस्तीमुळे बंदूक बाळगायला जवळपास जन्माची बंदी. पोलिसालाही सूट नाही. सुनावणी होऊन कोर्टाने संरक्षण आदेश, म्हणजे बायकोपासून लांब राहण्याचा हुकूम, दिला असेल, तर तो संपेपर्यंत बंदी. टेक्सासच्याच रहीमी खटल्यात 2024 साली सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 मतांनी ती कायम ठेवली. एच-वनवाल्याला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक घेताच येत नाही. माझ्या तेव्हाच्या नवऱ्याने ग्रीन कार्ड आल्यावर घेतली. दुकानातल्या फॉर्मवर घरगुती हिंसेचा प्रश्न असतो. त्याने 'नाही'वर खूण केली आणि ते खोटं नव्हतं. मी पोलिसांना फोनच केला नव्हता, तर शिक्षा कुठून होणार?

पुढे आदेश मिळाला, पिस्तूल त्याच्या मित्राकडे गेलं. आदेशाची प्रत शाळेत द्यायला गेले, तर काउंटरवरच्या बाईने चार आयांसमोर मोठ्याने विचारलं, "म्हणजे डॅडला आत सोडायचं नाही ना?" याच शाळेने फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली म्हणून इथे जन्मलेल्या माझ्या पोराला इंग्रजी शिकणाऱ्यांत बसवलं होतं. अजून डोकं फिरतं.

घरगुती हिंसेत शिक्षा झाली की ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. तो गेला की पोराच्या खर्चाला मिळणारे पैसेही गेले. त्याच्यावरच्या खटल्यात सरकारी वकिलाने विचारलं, हलका गुन्हा कबूल केला तर चालेल का, मी 'चालेल' म्हटलं. नवऱ्याने साध्या गैरवर्तनाचा गुन्हा कबूल केला. त्यात मारहाण नाही, म्हणून बंदीही नाही. आदेशाची मुदत संपली. शनिवारी पोराला न्यायला येतो, तेव्हा गाडीत काय असतं ते मी विचारत नाही. 'चालेल' म्हणाले ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकटेपणाचं काय, होते सवय. पासपोर्ट आणि आय-नाइंटीफोरची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची, प्रत मात्र स्वतःच्या ईमेलवर ठेवा, नवऱ्याला पासवर्ड माहीत नसलेल्या. आणि छळ झालेल्या एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनवाल्याच्या व्हिसावर आलेल्या, बायकोला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.